विद्यार्थिनींची वही : लेखन, स्वत्व आणि मनःस्वास्थ्य

(इतवारा, बऱ्हाणपूर येथे महाविद्यालयीन विद्यार्थिनी, शिक्षक व पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



तरुण मुलींच्या लेखनावर बोलावयास उभा राहणारा वक्ता बहुधा साहित्याची थोरवी सांगतो, वाचनाचे महत्त्व पटवितो आणि 'लिहीत राहा' असा उपदेश करून खाली बसतो. मुलींना लिहा म्हणून सांगण्याची फारशी आवश्यकता आहे, असे मला वाटत नाही. सतरा-अठरा वर्षांच्या कितीतरी मुली लिहीतच असतात. कोणी वहीच्या मागच्या पानावर, कोणी वडिलांना भेट मिळालेल्या जुन्या डायरीत, आणि अलीकडे कोणी मोबाईलमध्ये. लिहिलेले ठेवावयाचे कोठे, ही त्यांची खरी अडचण आहे. उशीखाली ठेवले तर भाऊ वाचतो, कपाटात ठेवले तर आई वाचते, शिक्षकांना दाखविले तर ते ऱ्हस्वदीर्घ तपासून परत करतात. म्हणून आज मी मुलींपेक्षा पालकांशी आणि शिक्षकांशी अधिक बोलणार आहे. मुलींनीही ते ऐकावे.

आपण ज्या शहरात बसलो आहोत, त्याच्या इतिहासातच या विषयाचे एक उदाहरण आहे. इ.स. १६३१ च्या जून महिन्यात मुमताज महल हिचा चौदाव्या बाळंतपणात बऱ्हाणपूर येथे अंत झाला. ताजमहालाची गोष्ट येथून सुरू होते, म्हणून ती सर्वांना ठाऊक आहे. तिची थोरली मुलगी जहाँआरा त्या वेळी सतरा वर्षांची होती. म्हणजे समोर बसलेल्या विद्यार्थिनींच्याच वयाची. आई गेल्यावर पादशाही जनानखान्याचा भार त्या मुलीवर आला. पुढे आठ-नऊ वर्षांनी तिने ख्वाजा मुईनुद्दीन चिश्ती यांच्याविषयी फारसीत एक ग्रंथ लिहिला, आणि त्यापाठोपाठ 'रिसाला-इ-साहिबिया' हे लहानसे पुस्तक. त्यात गुरूचा शोध घेताना आपल्या मनाची काय अवस्था झाली, हे तिने स्वतःच सांगितले आहे. ताजमहाल पाहावयास जग लोटते. आईवेगळ्या झालेल्या मुलीने आपल्या मनाचा जो वृत्तांत लिहून ठेवला, त्याची आठवण मात्र क्वचितच कोणी काढतो.

अर्थात ती राजकन्या होती. कागद, शाई आणि एकांत यांची तिला वानवा नव्हती. सामान्य घरातील मुलीच्या हाती लेखणी येण्यास आणखी दोनशे वर्षे लागली. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही चौदा वर्षांची मुलगी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत 'ज्ञानोदय' या नियतकालिकात दोन भागांत प्रसिद्ध झाला. ज्यांना धर्मग्रंथ वाचण्याचाच अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, असा सरळ प्रश्न त्या मुलीने विचारला आणि तोही स्वतःच्या नावाने. निबंध म्हणून वर्गात जे लिहवून घेतले जाते, त्याच्याशी याची तुलना शिक्षकांनी करून पाहावी. 'वर्षाऋतू', 'माझे ध्येय' आणि 'वर्तमानपत्र बंद पडले तर' यांपलीकडे आपले विषय फारसे सरकलेले नाहीत.

मुक्ताच्या पाठीशी तिचे शिक्षक उभे होते. ज्यांच्या पाठीशी असे कोणी नव्हते त्यांचे काय झाले, हे बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्या चरित्रावरून कळते. बुलढाणा येथून काही फार दूर नाही. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे तेथील सरकारी कचेरीत नोकरीस होते आणि त्यांनी मुलीस घरीच लिहावयास-वाचावयास शिकविले. १८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेस आपल्या नवजात मुलास मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती कमी झाली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून स्त्रियांच्या चालचलणुकीवर तोंडसुख घेतले जाऊ लागले. ज्या पुरुषामुळे त्या विधवेवर ही वेळ आली त्याचे नाव कोणी काढीना. ताराबाईंनी रागाने लेखणी उचलली आणि १८८२ मध्ये पुण्यात 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक छापवून घेतले. जे दोष स्त्रियांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय, असा त्यांचा सवाल होता.

पुस्तकाचे स्वागत कसे झाले? निंदा झाली, टवाळी झाली. जोतीराव फुले यांनी 'सत्सार'मध्ये १८८५ साली ताराबाईंची बाजू घेतली. परंतु ताराबाईंचे दुसरे पुस्तक कधी निघाले नाही. त्यांचे पहिले पुस्तक हेच शेवटचे ठरले, आणि तेही विस्मृतीत गेले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले तेव्हा महाराष्ट्रास कळले की अशी एक बाई होऊन गेली. मध्ये त्र्याण्णव वर्षे गेली. या काळात ताराबाईंनी आणखी काय लिहिले असते, या प्रश्नास उत्तर नाही. पण बोलणाऱ्या मुलीचे तोंड बंद करणे किती सोपे असते, हे दाखविण्यास एवढा एक पुरावा मला पुरेसा वाटतो. त्यासाठी कायदा करावा लागत नाही. हसले म्हणजे पुरते.

ही झाली एकोणिसाव्या शतकातील गोष्ट. मुली पदवीधर होऊ लागल्या तेव्हा हे बदलले असेल, असे वाटणे साहजिक आहे. महर्षी अण्णासाहेब कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले. त्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत शिकून पुढे आलेल्या बाळूताई खरे यांनी १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध केला. त्यावर नाव होते विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित तरुणींच्या मनात काय चालते, हे त्या कथांत होते. घर मुलीच्या पगारावर चालते आणि म्हणून तिच्या लग्नाचा विषय पुढे ढकलला जातो. शिक्षण मिळते, पण बरोबरीने बोलणारा सोबती मिळत नाही. शरीराची आणि मनाची ओढ असते, पण तिचे नाव घेणे म्हणजे पाप. या गोष्टी सर्वांना ठाऊक होत्या; मुलीने त्या लिहाव्यात हे कोणास ठाऊक नव्हते.

पुस्तकाने महाराष्ट्रात मोठे वादळ उठविले. त्या वादळात लोकांना सर्वांत अधिक उत्सुकता कशाची होती? ही विभावरी शिरूरकर कोण, याची. ती बाई आहे की बाईच्या नावाने लिहिणारा पुरुष, कोणत्या गावची, कोणाची मुलगी, हे शोधण्याचा उद्योग सुरू झाला. वडील मुलीच्या पगारावर अवलंबून राहतात हे खरे की खोटे, आणि खरे असेल तर त्याचे काय करावयाचे, याचा विचार करण्यापेक्षा तो उद्योग अधिक सोपा आणि अधिक चवीचा होता. टोपणनाव घेणे हा भित्रेपणा, असे आज कोणी म्हणेल, तर त्याने तो काळ डोळ्यांसमोर आणावा. टोपणनावाने त्यांना लिहिण्यापुरती जागा मिळवून दिली. पुढे मालतीबाई बेडेकर म्हणून त्या सर्वांना माहीत झाल्या, दीर्घकाळ लिहीत राहिल्या. ताराबाईंना जे मिळाले नाही ते त्यांना या आडोशामुळे मिळाले, असे माझे मत आहे.

पालकहो, हा पुस्तकांचा इतिहास मी आपणांस उगाच सांगितलेला नाही. तुमच्या घरात तोच प्रसंग लहान प्रमाणावर घडतो. मुलीची वही हाती लागते. तीत एक कविता असते, किंवा गोष्टीसारखे काही असते. त्यात 'मी' असतो आणि 'तो' असतो. लगेच 'तो' कोण याची चौकशी सुरू होते. पुष्कळदा 'तो' कोणीच नसतो. कधी तो वाचलेल्या कादंबरीतला असतो, कधी मैत्रिणीने सांगितलेल्या हकिगतीतला. कथेतील 'मी' म्हणजे लिहिणारी मुलगी नव्हे, हे साहित्याच्या वर्गात शिकविले जाते, आणि घरी आल्यावर तीच कथा कबुलीजबाब म्हणून वाचली जाते. यावरून मुलीचे महाविद्यालय बंद झाल्याची, घाईने लग्न ठरविल्याची उदाहरणे शिक्षकांना नवीन नाहीत. आणि समजा, 'तो' खराच असला, तरी वहीत लिहिणारी मुलगी निदान विचार करीत असते. ज्या घरात वही सुरक्षित असते तेथे ती पुढेमागे आईशी बोलण्याचाही संभव असतो. वही एकदा पकडली गेली की मुलगी लिहिणे थांबविते, आणि बोलणेही.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी आपले लहानसे दुकान सांभाळीत सवडीने आपल्या समाजाची आणि स्वतःची कहाणी लिहिली आणि पतीच्या व घरच्यांच्या नजरेस पडू नये म्हणून ती कितीतरी वर्षे लपवून ठेवली. १९८२ मध्ये ती 'स्त्री' मासिकातून क्रमशः आली, १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' या नावाने तिचे पुस्तक झाले. मराठीतील एवढे मोलाचे पुस्तक इतकी वर्षे लपून राहिले. आपल्या घरातल्या कोनाड्यात काय आहे हे कोणास ठाऊक? मात्र ते पाहण्यासाठी कोनाडे उचकू नका, एवढीच विनंती.

आता भाषेविषयी. इतवाऱ्यातील मुलीची एक अडचण पुण्यातल्या मुलीस कळणार नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिले. घरात मराठी, तीही खानदेशी वळणाची, वर्गात हिंदी, शेजारी उर्दू, गुजराती, निमाडी, नोकरीच्या परीक्षेस इंग्रजी. लिहावयास बसले की प्रश्न पडतो, कोणत्या भाषेत? मराठीत लिहिले तर 'अशुद्ध' म्हणून हसतात, हिंदीत लिहिले तर आजी त्यात येत नाही. माझे सांगणे असे की शुद्ध भाषेची वाट पाहू नका. या शहरात अनेक वर्षे राहिलेल्या अब्दुर्रहीम खानखानान यांनी बाबराच्या आत्मचरित्राचे तुर्कीतून फारसीत भाषांतर केले होते. पण मनातले सांगण्यासाठी रचलेले दोहे लोकांच्या बोलीत आहेत.

त्याहून जवळचे उदाहरण पाहिजे असेल तर तापीच्याच खोऱ्यात, जळगावजवळ असोदे येथे १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांचे घ्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. तरुणपणी वैधव्य आले. शेतात आणि जात्यावर त्यांनी जे गाइले ते आपल्या लेवा बोलीत गाइले. त्यांचे पुत्र कवी सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी ते टिपून ठेवले, म्हणून १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्यावर पुढल्याच वर्षी आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी पुस्तकरूपाने निघाली. ती भाषा कोणी आधी 'सुधारली' असती तर आज आपण ती गाणी वाचली नसती. जळगावच्या विद्यापीठास २०१८ पासून या निरक्षर बाईंचे नाव आहे. तेव्हा एका वाक्यात दोन भाषा आल्या तरी चालतील. वही ही परीक्षेची उत्तरपत्रिका नाही. शिक्षकांनीही लाल शाई येथे आवरावी.

लेखनाने मन हलके होते, असे आपण सहज म्हणतो. यात तथ्य किती, हे तपासून पाहण्याचे प्रयत्न झालेले आहेत. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, लिहावयास बसविले. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिले, काहींनी आयुष्यातील सर्वांत क्लेशदायक घटनेवर. ज्यांनी त्या घटनेबरोबर त्या वेळच्या आपल्या भावनाही लिहिल्या, ते पुढील सहा महिन्यांत विद्यापीठाच्या दवाखान्यात इतरांपेक्षा कमी वेळा गेले. पण याच प्रयोगातील दुसरा निष्कर्ष सांगितला जात नाही, तो मी मुद्दाम सांगतो. लिहून उठल्यावर लगेच त्या विद्यार्थ्यांना बरे वाटले नव्हते. ते अधिक उदास झाले होते. पुढे अशा प्रकारचे पुष्कळ प्रयोग झाले आणि सरासरीने फायदा दिसला तो बेताचाच, तोही सर्वांना नव्हे.

म्हणून लेखन हे औषध आहे अशी जाहिरात करणे योग्य नव्हे. मुलीस रात्री झोप लागत नाही, जेवण सुटले आहे, जगणे नकोसे झाले आहे अशी भाषा तिच्या तोंडी येते, अशा वेळी तिच्या हाती वही देऊन मोकळे होणाऱ्या शिक्षकाने कर्तव्यात कसूर केली असे मी म्हणेन. तिला डॉक्टरकडे नेले पाहिजे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस आणि विनामूल्य मिळते. आपल्या भाषेत बोलता येते. घरात किंवा बाहेर कोणी त्रास देत असेल तर महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक महाविद्यालयाच्या फलकावर आणि मुलींच्या विश्रांतिकक्षात ठळक अक्षरांत लावावेत. परिपत्रक येण्याची वाट पाहू नये.

येथे शिक्षकांपुढे एक नाजूक पेच उभा राहतो. वही खासगी आहे असे आपण म्हणतो. आणि एखाद्या मुलीने आपणहोऊन दाखविलेल्या पानावर तिला मारहाण होत असल्याचे, अथवा जीव देण्याचे विचार येत असल्याचे लिहिलेले असते. तेव्हा गप्प बसता येत नाही. यावर माझ्या मते एकच मार्ग आहे : लेखनाचा वर्ग सुरू होण्यापूर्वीच मुलींना स्पष्ट सांगावे की तुमचे लेखन मी कोणास दाखविणार नाही, परंतु तुमच्या जिवाला धोका आहे असे मला कळले तर मी मदत मागणार, आणि ती तुम्हांला सांगून मागणार. ही अट आधी सांगितली तर मुलगी काय दाखवावयाचे ते समजून दाखविते. मागाहून सांगितली तर तिचा विश्वासघात होतो.

बाकी कामाच्या गोष्टी थोड्या आहेत. लेखनास गुण देऊ नयेत. स्पर्धा तर मुळीच नको. आपल्याकडे कोणतेही चांगले काम सुरू झाले की वर्षभरात त्याची स्पर्धा होते आणि प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते ढाल दिली जाते. भित्तिपत्रक जरूर चालवावे. मात्र त्यावर काय लावावयाचे हे लिहिणारीने ठरवावे, आणि तिला नाव घालावयाचे नसेल तर ते विचारू नये. हस्ताक्षरावरून ओळख पटते, म्हणून सर्व मजकूर एकीनेच उतरवून काढावा. मोबाईलमध्ये लिहिण्यास माझा विरोध नाही, पण तेथले पान एका बोटाने शंभर जणांकडे जाते, हे लक्षात ठेवावे. विषयही निराळे द्यावेत. माझे नाव कोणी व का ठेवले; ज्या मैत्रिणीशी बोलणे सुटले तिला न पाठविण्याचे पत्र; आमच्या घरात ज्याविषयी बोलत नाहीत ती गोष्ट; पाहुणे मला पाहावयास आले तेव्हा मला त्यांना विचारावयाचे होते ते प्रश्न. या शेवटच्या विषयावर मुली पाने भरून लिहितात. ते प्रश्न वाचले तर पुष्कळ पालक मुलाकडच्यांना आणखी थोडी चौकशी करून मगच होकार देतील.

इंदिरा संत यांचे स्मरण येथे केल्यावाचून राहवत नाही. १९४१ मध्ये पती ना. मा. संत यांच्यासह 'सहवास' हा संग्रह त्यांनी काढला. १९४६ मध्ये पती गेले. आणि १९५१ मध्ये 'शेला' हा त्यांचा स्वतंत्र संग्रह आला. मधल्या पाच वर्षांत पदरी लहान मुले आणि बेळगावास शिक्षकाची नोकरी. त्या वर्षांतली त्यांची वही कोणी उघडून 'हे काय लिहितेस?' असे विचारले नसेल, असे मानण्यास मला आवडते. त्यानंतरच्या अर्धशतकात मराठी भावकवितेत त्यांनी काय केले ते आपण जाणता.

माझे बोलणे येथे संपले. यानंतरचा एक तास लेखनासाठी राखून ठेवला आहे. शिक्षक आणि पालक यांनी कृपा करून दुसऱ्या दालनात बसावे. तेथे चहाची व्यवस्था आहे. मुलींना कोरे कागद वाटले जातील. नाव घालणे-न घालणे, मराठीत लिहिणे की हिंदीत की उर्दूत, हे ज्याचे त्याने ठरवावे. ज्यांना लिहावयाचे नसेल त्यांनी नुसते बसले तरी चालेल. वेळ संपल्यावर कागद कोणीही गोळा करणार नाही.